सिमिऑनचा हात

ब्राइला, मंगळवार, २ डिसेंबर २००३

तिबी,

तुझं बर्लिनचं पार्सल शुक्रवारी मिळालं. त्यात कॉफीची दोन पाकिटं, चार चॉकलेटं, लोकरीचे मोजे (पुरुषी मापाचे आहेत, पण चालतील), गुडघ्यांना लावायचं मलम आणि जाड पांढऱ्या पाकिटात गाण्याची एक तबकडी. जकातीचे एक लाख वीस हजार लेई पडले, शिवाय पार्सल पोस्टात पडून राहिलं म्हणून वर अकरा हजार. एवढ्यात ही कॉफी इथेच जास्त आली असती. चिठ्ठी नव्हती. मोज्यांच्या आतसुद्धा हात घालून पाहिला.

तबकडीवर तुझं नाव कुठेच नाही, नुसता एक शाईचा आकडा. असं का, ते तुझं तुला ठाऊक. तुझे वडील बंदरात क्रेन चालवायचे, त्यांचं नाव तरी हजेरीच्या पाटीवर होतं.

फोन मी काढून टाकला आहे. बोलायला कोण आहे मला, आणि महिन्याचं भाडं उगाच भरायचं. तेव्हा लागत नाही म्हणून काळजी करू नकोस. काळजी करत असशील तर.

इकडची बातमी चांगली नाही. चर्चमध्ये भजनं म्हणणाऱ्या पांदेलेंची रुक्सांद्रा बुखारेस्टला शिकते. ती सुट्टीत घरी आली तेव्हा कसलीशी कॅसेट लावून भांडी घासत होती. रेडिओवर रात्री तुमचं ते हाऊस, नाचायचं संगीत, लागतं, त्यातून भरून घेतलेली. पांदेले चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि उभेच राहिले. म्हणाले, "बंद कर ते. हा आपल्या सिमिऑनचा हात आहे." मुलगी हसली. ते म्हणाले, "चौदा वर्षं तो मनोऱ्यात लाकडी फळीवर हातोडे मारतोय आणि त्या ठोक्यांवर मी माझं पहिलं कडवं उचलतोय, मला शिकवू नकोस. आणि हे मोठ्या शुक्रवारचं वाजवणं आहे. येशूला थडग्यात ठेवतानाचं. त्याच्यावर पोरं नाचतायत!"

मग चर्चची कमिटी बसली. तुला ठाऊक आहे, बायका कमिटीत नसतात, कॉफी देतात. मीही होतेच तिथे. फादर गाव्रिलनी सिमिऑनभाऊंना बोलावून कॅसेट ऐकवली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. सगळे एकच विचारत होते, मनोऱ्याच्या किल्ल्या दोनच, एक फादरकडे आणि एक तुझ्याकडे, मग माइक घेऊन वर गेलं कोण? कितीला विकलंस? ते म्हणाले, "मला ठाऊक नाही." पुन्हा विचारलं तरी तेच. पांदेले म्हणाले, "बाटलीला विकलं असेल." सिमिऑनभाऊ आयुष्यात प्यायले नाहीत हे पांदेलेंनाही माहीत आहे, पण रागात माणूस बोलतो. कॅसेटवर सुरुवातीला कुणी बाईसुद्धा कुजबुजते म्हणे. परदेशी असणार, असं ठरलं.

संत निकोलसच्या सणाच्या आत त्यांना चर्चच्या अंगणातली खोली सोडायची आहे. चुलतबहिणीकडे जातील किस्कानीला.

हे मी तुला कळावं म्हणून लिहिते. तू नाचायला जे करतोस त्यातून काय काय होतं ते.

थंडी वाढली आहे. मोजे मी घालते.

तुझी आई
वेतूरिया


ब्राइला, गुरुवार, ८ जानेवारी २००४

तिबी,

दुसरं पार्सलही आलं. कॉफी, अंजिरं आणि मफलर. जकात या वेळी माफ झाली, बाई नवीन होती. चिठ्ठी याही वेळी नाही.

परवा नदीवर पाण्याचा सण झाला. बर्फ फोडून फादरनी क्रूस टाकला, बंदरातल्या पोरांनी उड्या मारून काढला. सणाला एकशेवीस प्रसादाचे पाव लागले. मी केले. केले एवढंच. पीठ तेच, चुलीची आच तीच, मीठही मोजून तेच, पण पहिला घाणा बसला. पावावर दाबायचा शिक्का उठलाच नाही, अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी फुगली. तो पक्ष्यांना टाकला. अर्धं पोतं पीठ गेलं. दुसरा घाणा बरा निघाला.

लहानपणी तू विचारायचास, पाव मळताना मी बोलत का नाही. कारण ते पीठ मळणाऱ्या बाईचं कुणाशी वैर नको, कुणाचं देणं नको, मन साफ हवं. माझ्या सासूनं मला शिक्का देताना पहिलं हेच सांगितलं होतं. तुला तेव्हा मी म्हणायचे, "थुंकी उडते म्हणून." लहान मुलाला काय सांगणार.

फळी आता पांदेलेंचा पुतण्या वाजवतो. गालिचा झोडपल्यासारखं. आमच्या मजल्यावरच्या दोम्निकाबाई म्हणतात, "देवाला बोलावतोय का ढेकूण मारतोय?" मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुला काय झालंय गं? उपवासाच्या आधीच उपवास धरलास की काय?"

सिमिऑनभाऊ खोली सोडून गेले त्या दिवशी मी त्यांना सहा पाव दिले, सणाचे नव्हेत, घरचे. त्यांनी हातात घेऊन वास घेतला. म्हणाले, "चांगले आहेत." एवढंच. त्यांचं सामान एका हातगाडीत मावलं. हातोडे त्यांनी नेले नाहीत. ते चर्चचे आहेत म्हणाले.

मी दुसऱ्या वस्तीतल्या चर्चमध्ये जाऊन तिथल्या पाद्रींपुढे कबुली देऊन आले. तिथे मला कुणी ओळखत नाही. ट्रामनं गेले, दोन तिकिटं पडली. ते तरुण आहेत, तुझ्याच वयाचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, ताई? ज्याचं घर गेलं त्याला सांगा." मी म्हटलं, "सांगेन." अजून गेले नाही. रस्त्यावर बर्फ आहे.

एवढ्यावरून तुला कळलंच असेल. तू हुशार आहेस, शिकायचं सोडलंस ती गोष्ट वेगळी.

मफलर छान आहे.

आई


ब्राइला, बुधवार, २५ फेब्रुवारी २००४

तिबी,

मोठा उपवास सुरू झाला. आज तुला सरळ लिहायचं ठरवलं आहे. आधीची दोन पत्रं मी पुन्हा आठवून पाहिली. त्यात एकही खोटं वाक्य नाही आणि एकही खरं नाही.

फोनचं भाडं भरणं मला जड नव्हतं. नोव्हेंबरात तुला कुणाकडून तरी हे कळलं आणि तू फोन केलास, म्हणालास, "आई, मी फादरना सांगतो, मीच गेलो होतो वर, म्हाताऱ्याला काही ठाऊक नाही." मी तुझ्यावर ओरडले. म्हटलं, "खबरदार फोन केलास तर! तुझ्या त्या धिंगाण्यापायी आधीच तोंड दाखवायला जागा नाही." तू म्हणालास, "अगं, पण त्या माणसाची खोली जाईल." मी फोन आपटला. आणि दुसऱ्या दिवशी काढूनच टाकला, कारण तू पुन्हा फोन करून फादरचा नंबर मागशील, त्यांना सांगशील, ते मला बोलावतील, मग प्रश्न येईल की पोरगा आत शिरला कसा. माझ्याकडची चर्चच्या बाजूच्या दाराची किल्ली कमिटीनं मोजलीच नव्हती. ती पावाची किल्ली आहे ना. पहाटे परात घेऊन येणाऱ्या बाईला कोण चोर म्हणेल? त्या दारातूनच मनोऱ्याचा जिना आहे.

तू न सांगता निघून गेलास असं मी सगळ्यांना सांगते. तू तर सांगायला तयार होतास.

आणि हेही, की मला तू फसवलं नाहीस. मी स्वतःला सांगत आले की पोरानं घरची आठवण म्हणून ते वाजवणं भरून नेलं. पण ईस्टरच्या आधीच्या त्या आठवड्यात ह्याच टेबलावर, वाटाण्याचं सूप पुढ्यात घेऊन तू बोटांनी ताल धरला होतास. म्हणालास, "आई, ऐक, सिमिऑनआजोबा तिसरा ठोका जरासा उशिरा टाकतात. लंगडल्यासारखा. त्या लंगडण्यातच नाच आहे. मशीननं तो येत नाही, मी वर्षभर करून पाहतोय." मी म्हटलं, "मग त्यांना विचार." तू म्हणालास, "विचारलं तर फोटोला बसल्यासारखे वाजवतील." आणि मी किल्ली काढून दिली. तीन वर्षांनी तू सणाला घरी आला होतास. सूप दोनदा मागून घेतलं होतंस. तुला नाही म्हणवेना.

रविवारी रुक्सांद्रा माझ्याकडे आली होती. मला वाटलं बापानं पाठवलं. पण ती बिचारी रडत होती, म्हणाली, "काकू, मी ती कॅसेट लावली नसती तर." मी तिला अंजिरं दिली. मग मी विचारलं, हा तिकडे नक्की करतो काय?

ती म्हणाली, "काकू, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?" बापाला यातलं तिनं काही सांगितलेलं नाही, पण माझ्याशी किती बोलली! की तू बुखारेस्टला एका कपड्याच्या गोदामाखालच्या तळघरात दर शनिवारी वाजवायचास, पैसे न घेता, तबकड्यांच्या पेट्या पाठीवर वाहून. की एका रात्री सात-सात तास उभा राहतोस आणि एक तबकडी दुसरीत अशी मिसळतोस की जोड सापडत नाही. की तू केलेल्या तबकड्या तीनशेच निघतात, आणि बर्लिनमधल्या दुकानात त्यासाठी लोक सकाळी रांग लावतात.

मी म्हटलं, "रांग लावतात तर नाव का नाही लावत? करायची लाज वाटत असेल तर करू नये."

"लाज नाही, काकू, ती रीत आहे. ज्यांना ऐकायचं त्यांना कळतं. तुमच्या पावावर तुमचं नाव असतं का?"

मी उठून ओटा पुसायला लागले. ती घाबरली, म्हणाली, "वाईट वाटलं का?" मी तिला आणखी अंजिरं वाढली.

ती गेल्यावर तुझ्या वडिलांचा जुना प्लेअर काढला. दोम्निकाबाईंकडच्या भिंतीला रजई लावली. तबकडी लावली. पहिल्यांदा ते बूम बूम आलं आणि मी आवाज कमी केला. मग त्याखालून, लांबून, फळी. तिसरा ठोका उशिरा. तू म्हणालास तसाच. मी उभीच होते, हातात फडकं होतं. माझी टाच हलत होती तिबी, मोठ्या उपवासाच्या पहिल्या आठवड्यात. देव मला क्षमा करो, पण त्यात टिंगल नव्हती. तुला तसं वाटू नये म्हणून लिहिते.

आणि सुरुवातीची ती बाई. "हळू रे, पायऱ्या करकरतात." कमिटीत कॅसेट लागली तेव्हाच मी ओळखलं होतं. माझाच आवाज माझ्यासमोर वाजला, पांदेले म्हणाले, "परदेशी असणार," आणि मी त्यांच्या कपात कॉफी ओतली. थेंबही सांडला नाही.

तू तो का ठेवलास? माझ्यावर सूड म्हणून, की मीही तिथे होते म्हणून? हे मला खरंच विचारायचं आहे.

तुझी आई


ब्राइला, शुक्रवार, २६ मार्च २००४

तिबी,

गेल्या रविवारी किस्कानीला जाऊन आले. सिमिऑनभाऊ चुलतबहिणीच्या ओसरीत सोयाबीन निवडत बसले होते, डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी आल्याचं पावलावरून ओळखलं. "ये वेतूरिया. बस. रस्ता उघडला वाटतं."

मी बसले नाही. उभ्याउभ्या सांगितलं. किल्ली माझी, मुलगा माझा, जिन्यात मी होते आणि कमिटीत मी गप्प बसले.

ते निवडतच राहिले. म्हणाले, "माहीत आहे."

"कसं माहीत?"

"अगं, कॅसेटवर तूच नाही का बोलतेस? डोळे गेलेत माझे, कान नाही."

मी खाली बसले. म्हटलं, "मग बोलला का नाहीत? खोली गेली तुमची!"

"कोण ऐकणार होतं? आंधळा थेरडा म्हणतोय की प्रसादाच्या पावाची बाई चोरासारखी जिन्यात उभी होती! मलाच वेडा ठरवला असता." मग म्हणाले, "आणि पहिल्या रविवारी वाटलं, आज सांगेल. मग वाटलं, पुढच्या. मग पाव घेऊन आलीस, तेव्हा वाटलं, आता सांगतेच."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. त्यांची बहीण दारातून म्हणाली, "त्या सोयाबीनवर रडू नकोस गं बाई, ओलं होईल."

मग त्यांनी विचारलं, "पोरानं काही लिहिलंय का मला?"

आणि तिबी, इतकं सगळं खरं बोलून झाल्यावर माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. त्यांचा चेहरा असा वर झाला की मला मागे फिरता येईना. पिशवीत विजेचं बिल होतं. ते उलगडलं आणि वाचलं. तू माफी मागतोस, तुला त्यांची आठवण येते, त्यांच्या हातासारखा हात तू कुठे ऐकला नाहीस, असं काय काय. चांगलं वाचलं मी. मॅट्रिकला माझं वाचन पहिलं आलं होतं.

ते म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी मान तिरकी केली, मनोऱ्यात वारा ऐकताना करायचे तशी. म्हणाले, "पहिल्यांदा माफी आधी होती. आता आठवण आधी आली. लिहिलेलं असं जागा बदलत नाही, वेतूरिया. काय आहे तुझ्या हातात?"

"विजेचं बिल."

"किती आलं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "जास्त आहे. गाणी ऐकत बसतेस वाटतं." आणि हसायला लागले. त्यांची बहीणही हसली. मी तेवढी हसू शकले नाही.

काल देवदूतानं मरियमला सांगितलं त्या घोषणेच्या सणाची संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर मी फादरना आणि कमिटीला सगळं सांगितलं. कॉफी देऊन झाल्यावर. कुणी कप उचलला नाही. फादरनी आपला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "ह्या पिठाचा प्रसाद मी लोकांच्या जिभेवर ठेवत होतो." ओरडले असते तर बरं झालं असतं. शिक्का मागितला. मी पिशवीतून काढून ठेवला, नेलाच होता. पांदेलेंची बायको आता पाव करील. तिची आच मोठी असते, पण शिकेल.

पांदेले बाहेर माझ्या मागून आले. म्हणाले, "बाटलीचं मी बोललो होतो. ते मी कुणाला सांगू?" मी म्हटलं, "किस्कानीची बस सकाळी आहे." आज ते गेले आणि दुपारी परत आले. फादरचा निरोप दिला, सिमिऑनभाऊंनी दिलेला जबाब आणला.

खोलीत ते परत येतील. फादरनी जाहीर माफी मागायचं कबूल केलं आहे. पण फळीला हात लावणार नाहीत. म्हणाले, "माझं वाजवणं पोरानं न विचारता नेलं. विचारलं असतं तर मी दिलं असतं, फोटोला बसल्यासारखं वाजवलं नसतं, मी काय नवरदेव आहे? आता तरी त्यानं विचारावं. विचारलं की वाजवीन. नाही विचारलं तर पुतण्या आहेच."

पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारपासून घंटा बंद होतील. तिथून ईस्टरपर्यंत फळीशिवाय ह्या चर्चला आवाज नाही. त्या दिवशी वर कोण उभं असेल ते आता तुझ्यावर आहे. माझ्या हातात होतं तेवढं मी फार उशिरा केलं.

म्हणून सांगते. मला लिहू नकोस. मला काय म्हणायचं असेल ते नंतर म्हण, आयुष्यभर वेळ आहे. सिमिऑनभाऊंना लिही, चर्चच्या पत्त्यावर, आणि विचार. तबकडी आधीच निघाली आहे, लोक नाचून मोकळे झाले आहेत, तरी विचार. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा मलाच वाचून दाखवायला लावतील, एकदा नव्हे, दोनदा. माझ्याबद्दल जे लिहिशील ते मी माझ्या तोंडानं त्यांच्यासमोर वाचीन, एक शब्द गाळणार नाही, जागा बदलणार नाही. म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस.

पत्र इथून तिथे पोहोचायला पाच दिवस लागतात, तिथून इथेही तेवढेच. हे हातात पडेल त्याच दिवशी, उलट टपाली लिही. पार्सलात घालू नकोस, जकातीत अडकेल. साध्या पाकिटात पाठव.

तुझी आई
वेतूरिया